तिन्ही पत्रांतला एकच मजकूर

अँब्रोज टिअर्नी यांच्या धंद्याला १९०८ साली आमच्या पेनसिल्व्हेनियात धड नाव नव्हते. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून ते खाणकंपनीत आले, तेव्हा गावाने त्यांचे बारसे परस्पर उरकले: 'कंपनीचे तोंड'. मी नुकतीच कॉन्व्हेंट शाळेतून बाहेर पडले होते आणि त्यांच्या कचेरीत टाइपरायटरवर काम करत असे.

पूर्वी खाणीत काही झाले की फाटक बंद व्हायचे आणि बातमी दाबायला वार्ताहरांना सिगार मिळायचे. टिअर्नींनी सिगार बंद केले. जे घडले ते स्वच्छ लिहायचे, खाली कंपनीचे नाव घालायचे आणि गावातल्या तिन्ही पत्रांना पाठवायचे. पडताळून पाहा, मगच छापा, असे सांगायचे. न्यूयॉर्कमध्ये मोजकी माणसे असे काम करू लागली होती. त्यांच्याविषयी ते आदराने बोलत.

त्या ऑगस्टमध्ये टेकडीवरच्या खाणकामगारांच्या घरांत टायफॉइड शिरला. तलाव कंपनीचा, नळही कंपनीचे. टिअर्नींनी मालक गिडियन हार्लो यांच्याशी दिवसभर हुज्जत घालून परवानगी मिळवली आणि लिहिले: पाणी दूषित आहे, उकळूनच प्या. मजकूर असा नेटका उतरला की तिन्ही संपादकांना त्यात एक शब्द बदलावासा वाटला नाही. तिघांनी तो जसाच्या तसा छापला.

न्हाव्याच्या दुकानात तिन्ही पत्रे शेजारी शेजारी पडलेली असत. दुपारपर्यंत गावभर हसे झाले. टेकडीवरच्या डेलिया कॉनरॉय तिन्ही अंक घेऊन कचेरीतच आल्या.

"काय हो टिअर्नी, तिघांना एकाच रात्री एकच स्वप्न पडलं वाटतं? कितीला पडले तिघं?"

"कुणालाही पैसा दिला नाही, बाई. खरंच आहे ते. पाणी उकळा."

"पाणी कंपनीचं, कोळसाही कंपनीचाच! उकळा म्हणून तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार? या उकाड्यात दिवसभर चूल पेटवायची म्हणजे पाण्याआधी मीच शिजेन."

"शेजारची पोर तापानं पडलीय ना तुमच्या?"

"ती तुमच्या कंपनीच्या दुकानातलं खारवलेलं डुकराचं मांस खाऊन पडलीय. तेही उकळून घ्यायचं का?"

बाईंच्या मागोमाग दारात जमलेली माणसे हसली. टिअर्नी हसले नाहीत. बाई गेल्यावर ते मला म्हणाले, "नोरा, तिघांच्या तोंडून माझाच आवाज आला. कोण विश्वास ठेवणार?"

ते तसेच हार्लोंच्या खोलीत गेले. दार उघडेच होते.

"वार्ताहरांना तलावावर न्यायचंय, साहेब."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तलावाच्या वरच खाणीतल्या खेचरांचा तबेला आहे. सगळी घाण पाण्यात उतरतेय."

"तेच त्यांना दिसू दे."

"नोकरी नकोशी झालीय का?"

"हवी आहे. पण लोकांनी आजपासून पाणी उकळायला हवंय."

हार्लोंनी होय म्हटले नाही. टिअर्नींनी कंपनीची घोडागाडी काढली आणि तिन्ही वार्ताहरांना तलावावर नेले. मी टिपणे घ्यायला बरोबर होते. ती घेऊ नकोस, असे त्यांनी सांगितले. तबेल्यातून निघालेला काळा ओघळ पाण्याला मिळत होता, तिथे गाडी थांबली.

"मजकूर कुठाय?" एका वार्ताहराने हात पुढे केला.

"डोळे आहेत ना? बघ आणि लिही."

"वा रे वा! आयत्याची सवय लावलीस तूच, आणि आता हात आखडतोस?"

"चुकलं माझं. लिही आता."

दुसऱ्या दिवशी तिन्ही पत्रांत तीन तऱ्हा होत्या. एकाने खेचरांचेच वर्णन केले होते, तेही जेवणापूर्वी वाचवणार नाही असे. दुसऱ्याने हार्लोंना तुरुंगात घालण्याची मागणी केली होती. तिसऱ्याने डॉक्टरांना गाठून टायफॉइड कसा पसरतो ते विचारले होते. कंपनीविषयी चांगला शब्द एकातही नव्हता. डेलियाबाईंनी तिन्ही अंक अंगणात उभे राहून मोठ्याने वाचले, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि आत जाऊन मोठे पातेले चुलीवर चढवले.

हार्लोंनी दुपारीच टिअर्नींचा हिशेब चुकता केला आणि त्यांना कामावरून काढले. टिअर्नी आपले टेबल आवरत असताना खिडकीतून टेकडी दिसत होती. भर उन्हात झाडून सगळ्या घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. टिअर्नींनी क्षणभर तिकडे पाहिले आणि टोपी घालून ते जिना उतरले.