नऊ म्हणजे नऊच

माझी मावशी त्रेपन्नाव्या वर्षी स्कूबा डायव्हिंगची परीक्षा पास झाली, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो असा: "हे हिला कोणी सांगितलं होतं?"

प्रश्न मामाचा होता. मामा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ. तरुणपणी त्यानं पोहण्याच्या शर्यती जिंकल्या होत्या. ते सगळे कप त्याच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेले आहेत, आणि पाण्याविषयी बोलायचा हक्क घरात फक्त आपल्यालाच आहे अशी त्याची ठाम समजूत आहे. तो तलावावर सराव करायचा तेव्हा मावशी पायऱ्यांवर बसून त्याचे कपडे आणि घड्याळ सांभाळायची. आपणही शिकावं का, असं तिनं एकदा आजोबांना विचारलं. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. असं पुढचं वर्ष सात वेळा आलं. मग तिनं विचारायचंच सोडलं.

मावशी एका चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे काउंटर, आरसे, दिव्यांची झगमग. मागे पडद्याआड तिची चिंचोळी खोली. तिथं काचा घासायचं चाक, त्यावर सतत ठिबकणारं पाणी आणि पत्र्याच्या तसराळ्यात साठणारा पांढरा चिखल. बत्तीस वर्षं ती त्या खोलीत लोकांच्या नंबरच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते आहे. तिचं लग्न चार वर्षं टिकलं. त्याबद्दल ती एवढंच म्हणते, "फ्रेम चांगली होती, नंबर जुळला नाही."

पन्नाशीला गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. डॉक्टरांना वाटलं आपण सल्ला दिला. मावशीला वाटलं आपल्याला परवानगी मिळाली. ती रोज सकाळी सहाला तलावावर जायला लागली. पहिला महिना तिनं कठड्याला धरून काढला. वर्षभरानं ती न थांबता वीस फेऱ्या मारत होती. त्याच तलावावर शनिवारी स्कूबाचा वर्ग चाले. पाठीवर सिलिंडर बांधून, तळाशी मांडी घालून बसलेली माणसं तिला वरून दिसायची. तिनं नाव नोंदवलं. जाड चष्मा असल्यानं मास्कमधून तिला काहीच दिसेना, तेव्हा तिनं स्वतःच्या नंबरच्या काचा घासल्या आणि मास्कला आतून चिकटवल्या. पाण्याखाली स्पष्ट बघण्याची सोय तिनं स्वतःच्याच हातानं केली, हे मला फार आवडतं.

तलावातला सराव झाला, समुद्रातल्या चार डाइव्ह झाल्या, कार्ड मिळालं. अठरा मीटर खोलीपर्यंत जायची परवानगी. नंतर आणखी पाच डाइव्ह झाल्या. एकूण नऊ.

आणि मग वर्गातल्या चौघांनी टूम काढली: आता राहत्या बोटीवर जाऊ या. या बोटी आठवडाभर किनाऱ्याला लागत नाहीत. खाणं, झोपणं सगळं बोटीवरच, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात. चौघांनी बोटही ठरवली होती, सगळ्यात नावाजलेली. मोठे शार्क, खोल कपारी, जोराचे प्रवाह. "जायचं तर तिथंच," सगळे म्हणत होते.

मावशी मला घेऊन एजंटाच्या ऑफिसात गेली. भिंतभर शार्कचा फोटो, त्याखाली गोड बोलणारा एक माणूस. त्यानं फॉर्म पुढे ओढला.

"किती डाइव्ह झाल्यात, ताई?"

"नऊ."

त्याचं पेन थांबलं. "या बोटीला पन्नास लागतात. पन्नास लिहू या. सगळेच लिहितात."

"नऊ लिहा."

"अहो, बोटीवर कोणी डाइव्हची वही तपासत नाही."

"तपासत नाहीत म्हणूनच म्हणते, खरं लिहा."

तो माझ्याकडे बघून हसला, जणू हिला तूच समजाव. मी खुर्चीत आणखी मागे सरकले. मला पुढचं दिसत होतं.

"मी दिवसभर नंबरच घासते," मावशी म्हणाली. "अर्धा नंबर चुकला तर माणूस जिन्याची पायरी चुकतो. तुम्ही एक्केचाळीस चुकवायला निघालात. नऊ म्हणजे नऊच."

"मग ही बोट मिळणार नाही."

"मग नको ही बोट," असं म्हणून तिनं पर्स उचलली.

त्या चौघांनी पन्नास लिहिले होते. त्यातल्या एकीनं फोन करून विचारलं, "अगं, घाबरतेस काय?"

"घाबरते," मावशी म्हणाली. "बरं, मग?"

 घाबरलेल्या माणसानं ते कबूल करायचं नसतं असा नियम असावा. तो मावशीला कोणी सांगितला नव्हता.

पुढचे तीन आठवडे ती दुकानातून आल्यावर माझ्या लॅपटॉपसमोर बसायची. फोटो बघायचीच नाही. "समुद्र सगळीकडे निळाच असणार," म्हणायची. ती प्रत्येक बोटीचा बारीक अक्षरातला मजकूर वाचायची आणि मग सरळ फोन लावायची. एका बोटीवाल्यानं तिला "आमच्याकडे कसलीच काळजी नाही, मॅडम" म्हटलं, तेव्हा तिनं त्याचं नाव खोडून टाकलं. काळजी नसलेल्या माणसाच्या हाती तिला जीव सोपवायचा नव्हता. शेवटी एका लहान बोटीच्या मुख्य गाइडनं फोन उचलला. बाईचा आवाज, घाईत असल्यासारखा.

"एका गाइडमागे किती माणसं?" मावशीनं विचारलं.

"चार. नवीन असाल तर दोन."

"पहिल्याच दिवशी खोल नेता?"

"पहिली डाइव्ह उथळ पाण्यात, सरावाची. सगळ्यांची. दोनशे डाइव्ह झालेल्यांचीही."

"ऑक्सिजन बोटीवर असतो? आणि दवाखाना किती लांब?"

"दोन टाक्या असतात. दवाखाना वेगवान होडीनं पाच तास. लांब आहे, खोटं कशाला सांगू?"

 मग मावशीनं तो प्रश्न विचारला ज्यासाठी खरं तर फोन केला होता. "आणि एखादी डाइव्ह मला नको वाटली तर?"

"तर वर बसायचं. कारण विचारणार नाही."

मावशीनं हात फोनवर ठेवला आणि मला म्हणाली, "हीच." तिला पाच तास ऐकून धीर आला होता. पाच तास खरे सांगणारी बाई बाकीचंही खरंच सांगत असणार.

मामाला कळलं तेव्हा तो स्वतः आमच्याकडे आला. चहा हातात घेतला, प्यायला नाही.

"आठ दिवस, परकी माणसं, भर समुद्र. या वयात? बुडशील."

"बुडणारच आहे, दादा. त्याचेच तर पैसे भरलेत."

माझी आई हसली आणि मामानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं रिकाम्या कपबश्या उचलल्या. मग मामानं बाजू बदलली. "आणि मी चौकशी केली आहे. ती दुसरी मोठी बोट सोडून तू कुठल्या तरी लहान बोटीवर चालली आहेस. जायचंच तर चांगल्या ठिकाणी तरी जा. लोक काय म्हणतील, आमच्या घरातली अन् उथळ पाण्यात?"

मावशीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "आधी म्हणालास बुडशील. आता म्हणतोस उथळ का. एक काय ते ठरव आणि मग माझ्याशी भांड. तोवर मी जाऊन येते."

मामा तरातरा निघून गेला. चहा तसाच राहिला.

बोटीवरचं सगळं मला मावशीकडूनच कळलं, पण ती स्वतःची फजिती वगळून सांगणाऱ्यांतली नाही. खोली दोघींत एक आणि इतकी लहान की एकीला उभं राहायचं तर दुसरीनं पलंगावर चढायचं. सकाळी सहाला घंटा, फळ्यावर आकृती काढून माहिती, मग डाइव्ह. वर आलं की खाणं, झोप, पुन्हा घंटा. पहिल्या दिवशी मावशीची हवा अठ्ठावीस मिनिटांत संपत आली. नवा माणूस धास्तीनं भराभर श्वास घेतो, त्याची टाकी लवकर रिकामी होते. नियमाप्रमाणे तिच्या गटातल्या दुसऱ्यालाही वर यावं लागलं.

हा दुसरा म्हणजे एक फोटोग्राफर. डोक्याएवढा कॅमेरा आणि चारशे डाइव्ह. तो ओले पाय आपटत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अर्धी हवा शिल्लक होती माझी. थोडा श्वास जपून घ्यायला काय होतं?"

पाण्याखाली श्वास रोखून धरू नये, हा डायव्हिंगचा पहिला धडा. फुप्फुसाला इजा होते.  त्या दिवशी मावशीला जेवणही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मात्र ती त्याच्या समोर जाऊन बसली.

"माझी हवा संपत आली की मी वर येणार," ती म्हणाली. "तुम्हाला खाली थांबायचं असेल तर वेगळा गट मागा, मुख्य गाइड समोरच बसली आहे. पण मी तुमच्या फोटोसाठी एकही श्वास वाचवणार नाही."

गाइडनं तोंडातला घास गिळला आणि तिथल्या तिथं गट बदलले. मावशी आता गाइडबरोबर एकटी. गाइडनं शिकवलं, हात हलवू नकोस, पाय सावकाश मार, घाई कसली आहे? तिसऱ्या दिवशी छत्तीस मिनिटं झाली.

चौथ्या दिवशी दोन बेटांमधल्या खिंडीतली डाइव्ह होती. गाइडनं फळ्यावर बाण काढले. प्रवाह जोराचा, खडकाला हुक अडकवून धरून राहायचं. "ज्यांना नको त्यांनी वर थांबा," ती म्हणाली. मावशीनं पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावर भोवरे फिरत होते. तिनं हात वर केला. "मी नाही."

"एवढ्या लांब येऊन बोटीवर बसणार?" फोटोग्राफर म्हणाला.

"हो. ऊन छान आहे."

सगळे गेले. बोटीवर उरले मावशी आणि स्वयंपाकी. त्यानं कांदे चिरायला घेतले, हिनं निम्मे ओढून घेतले. पाऊण तासानं मंडळी आली ती ओरडतच. व्हेल शार्क दिसला होता. जगातला सगळ्यात मोठा मासा, त्यांच्या डोक्यावरून गेला. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

"बारा मीटरचा होता!" फोटोग्राफरनं तिला ऐकवलं. "हुकलं तुमचं."

"पाण्यात सगळं मोठं दिसतं," मावशी म्हणाली. "एक चतुर्थांश वजा करा. नऊ मीटर."

लोक हसले, तीही हसली. मग ती खोलीत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. हे तिनं मला काहीही न लपवता सांगितलं. "फार वाईट वाटलं ग. व्हेल शार्क! आयुष्यात पुन्हा दिसेल न दिसेल."

"मग जायला हवं होतं असं वाटलं का?"

"छे," ती म्हणाली. "रडू आलं म्हणजे चुकलं असं थोडंच असतं?"

सहाव्या दिवशी, प्रवाळावर, पंधरा मीटरवर, तिला पहिल्यांदा काहीच करावं लागलं नाही. हात छातीशी, पाय स्थिर, ती खाली जात नव्हती आणि वरही येत नव्हती. समोर दगडासारखा दिसणारा एक ऑक्टोपस होता. त्यानं एक डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं, रंग बदलला, पुन्हा दगड झाला. ती तिथं तरंगत राहिली. गाइडनं घड्याळाकडे आणि हवेच्या काट्याकडे बोट दाखवलं. त्रेपन्न मिनिटं झाली होती आणि टाकीत अजून हवा होती. "माझ्या वयाइतकी मिनिटं," असं मावशीनं वर आल्यावर सांगितलं, आणि मग गाइडनं तिला जी मिठी मारली त्यात दोघींचे मास्क एकमेकांवर आपटले.

ती चोवीस डाइव्ह करून परत आली. ते चौघे त्याआधीच परतले होते. त्यांच्या सहलीत कोणाला काही झालं नाही. दोघांना फार मजा आली, एक पहिल्याच प्रवाहात इतका घाबरला की उरलेले दिवस खोलीत बसला, आणि एकीनं सांगितलं ते फक्त "छान होतं" एवढंच. मावशीनं त्यांना काही ऐकवलं नाही. मामानं शाबासकी दिली नाही. त्यानं ऑक्टोपसला किती पाय असतात एवढं विचारलं आणि उत्तर आल्यावर म्हणाला, "ते मला माहीत आहे."

आता ती पुढच्या पायरीचा कोर्स करते आहे. गेल्या शनिवारी कंपासची परीक्षा होती: पाण्याखालून सरळ जायचं, वळायचं आणि आपल्याच होडीपाशी वर यायचं. मावशी मोठ्या आत्मविश्वासानं वर आली ती एका कोळ्याच्या होडीपाशी. तो बिचारा जाळं ओढत होता. पाण्यातून मास्क लावलेली बाई निघालेली बघून त्याच्या हातून दोर सुटला. परीक्षक नापास म्हणाले. कोळ्यानं तिला आपल्या होडीवरून परत आणून सोडलं.

मामाला हे कळल्यावर तो तासभर हसत होता. "झालं समाधान? आता तरी पुरे कर," फोनवर म्हणाला.

मावशीनं फोन कानाशी धरूनच पुढच्या शनिवारच्या फेरपरीक्षेचा फॉर्म आपल्याकडे ओढला. "दादा, जरा थांब हं," ती म्हणाली, "मला सही करायची आहे."