दहा वाट्या मीठ

माझ्या थोरल्या जाऊबाईंवर मी चौदा वर्षं दात धरून होते. झालं गेलं विसरावं म्हणतात. म्हणोत बापडे, मी त्यातली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझे अण्णा कन्नडहून एसटीनं कैऱ्यांचं पोतं घेऊन आले. बांधावरच्या झाडाच्या कैऱ्या, स्वतः उतरवलेल्या. "लोणचं मुरलं की खायला येतो," म्हणाले आणि लगेच परतले.

आठ किलो फोडी झाल्या. सासरी लोणच्याचा मान जाऊबाईंचा आणि माप त्यांच्या वाटीचं. मीठ किती, मी विचारलं.

"दहा वाट्या घाल. लई इचारत बसू नको."

ओट्यावर पिशवीतलं बारीक मीठ होतं, तेच मी मोजलं. जाऊबाई समोर लसूण सोलत बसल्या होत्या आणि माझी एकेक वाटी बघत होत्या.

लोणचं जिभेवर ठेववेना. आणखी फोडी आणि थोडा गूळ घालून ते सावरलं असतं, हे आज कळतं. जाऊबाईंनी बरणी थेट घंटागाडीत पालथी केली. अण्णा आले तेव्हा त्यांच्या पानात दुसरंच लोणचं वाढून म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं सगळं नासवलं बघा. लाडाची दिसती लई." अण्णा ओशाळून हसले. धरणीनं पोटात घ्यावं, असं मला झालं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत अण्णा गेले.

नंतर एकदा जाऊबाई माहेरी, लासूर स्टेशनला गेल्या होत्या. मी त्यांची वाटी काढली आणि वजनकाट्यावर ठेवली. आधी पाणी भरलं, एकशे नव्वद ग्रॅम. म्हणजे वाटी एकशे नव्वद मिलिलिटरची, एवढं शाळेतलं आठवत होतं. मग त्यांच्या डब्यातलं खडे मीठ सपाट भरलं. एकशे साठ. मग बारीक मीठ, दोनशे तीस! वाटी तीच, जागा तेवढीच, पण खड्यांच्या मधे पोकळी राहते आणि बारीक मीठ ठासून बसतं. दहा वाट्यांना सातशे ग्रॅम मीठ जास्त. जाऊबाईंनी जन्मात कधी लोणच्याला बारीक मीठ वापरलं नव्हतं, खड्यांचा डबा वेगळा ठेवायच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी काट्यासमोर उभी राहून रडले, आणि रडून झाल्यावर आकडे लिहून ठेवले.

यंदा त्यांची सून आली. बिडकीनची पोर, चुणचुणीत. तिच्या वडिलांनी कैऱ्या आणल्या आणि ते बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले. फोडी नेमक्या आठ किलोच भरल्या. पोरीनं बारीक मिठाची पिशवी फोडून सासूला विचारलं. जाऊबाईंनी पिशवीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दहा वाट्या."

मी उठले आणि काटा ओट्यावर ठेवला. "वाटी राहू दे, पोरी. सोळाशे ग्रॅम घे. बारीक मिठाच्या या सात वाट्या होतात. दहा घातल्यास तर फेकून द्यावं लागेल."

"तुम्हाला कसं माहीत, काकू?"

मग सांगितलं. सगळं, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. जाऊबाईंचा चेहरा उतरला.

"जुनं कशाला उकरती आता?"

"चौदा वर्षं पुरून ठेवलं होतं. आज उकरते."

त्यांचा मुलगा दारात येऊन उभा होता. त्यानं आईकडे बघितलं, आणि जाऊबाईंनी मान खाली घातली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

लोणचं झकास मुरलं. महिन्याभरानं पोरीचे वडील पुन्हा आले, तेव्हा तिनं त्यांच्यासाठी एक बरणी भरली. तोंडाला फडकं मी बांधलं आणि बरणी जाऊबाईंच्या पुढ्यात सरकवली.

"व्याह्यांना तुमच्या हातानं द्या," मी म्हटलं. "आणि पोरीनं घातलंय, असं सांगा."

त्यांनी बरणी उचलली. त्या बाहेरच्या खोलीत जाऊन ते वाक्य बोलेपर्यंत मी दारातून हलले नाही.