टीव्हीवर आमची नावं आली तेव्हा

उल्हासनगरच्या आमच्या जीन्सच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायला बसले की माझी मुलगी म्हणते, "आई, तू किस्सा हसत सुरू करतेस आणि मधेच गप्प होतेस." काय करू, गोष्टी साचल्याच तशा!

शेठनी भिंतीवर मोठा टीव्ही लावला, तेव्हा आम्हाला वाटलं, आता काम करता करता सिरियल बघायला मिळणार. लागली ती आमची नावं. जास्त पीस काढेल ती वर, कमी काढेल ती खाली. वरच्यांना इन्सेंटिव्ह. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोणी कोणाच्या डब्यातली भाजी चाखली नाही. सगळ्यांचं लक्ष भिंतीकडे.

मोरिवलीचे कदममामा आमच्यातले सगळ्यात जुने. कोणाची सुई तुटली, धागा अडकला, की आपलं काम टाकून उठायचे. टीव्ही आला नि त्यांचं नाव तळाला गेलं. सुपरवायझरने सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, झोप येते का?" पुढे एकदा माझी मशीन अडली, मी मामांना हाक मारली, तर मान वर न करता म्हणाले, "मेकॅनिकला बोलाव, पोरी."

अंबरनाथची वंदना कामावर पाणीच पीत नसे. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की नाव खाली येतं. एकदा उन्हाळ्यात मशीनवरच चक्कर येऊन पडली. आम्ही तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर तिने पहिल्यांदा टीव्हीकडे बघितलं आणि विचारलं, "कितवी आहे मी?"

आणि बदलापूरची सुलभा. खिसे लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या शेजारी बसायची मंगल, तिची शाळेपासूनची मैत्रीण. सुलभानेच तिला कामाला आणलेलं. सुलभाचं नाव कायम वर. मग शेठनी सुलभाचा आकडा हेच सगळ्यांचं टार्गेट करून टाकलं. मंगलला ते झेपेना. सुलभा आपले पीस गुपचूप तिच्या ढिगात सरकवायची. कॅमेऱ्यात दिसलं. मंगलला काढलं, सुलभाला ठेवलं. तसा हात दुसरा कुठून आणणार? मंगल डबा उचलून निघाली, तेव्हा सुलभाशी एक शब्द बोलली नाही.

दिवाळीला बेस्ट वर्करचा मिक्सर सुलभालाच मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठ कौतुकाने म्हणाले, "बोलो बेटा, और क्या चाहिए?"

सुलभाने मिक्सर खाली ठेवला.

"शेठ, माझ्या शेजारी आता कोणाला बसवू नका."