आईने स्वतः वाचलेलं पत्र

आज मी जो काही आहे, तो माझ्या आईमुळे. उरणहून मासळीची पाटी आणून ती पनवेलच्या बाजारात बसली, म्हणून आमच्या घरात पहिला पदवीधर झाला.

वसतिगृहातून मी तिला पत्रं लिहायचो. ती चौथी शिकलेली. माझं बारीक अक्षर तिला लागत नसे, म्हणून शेजारच्या काकू वाचून दाखवत. एकदा मी गणितात नापास झाल्याचं लिहिलं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या आळीला ठाऊक झालं. पुढच्या भेटीत आई म्हणाली, "पत्र नको लिवू. माझ्या पोराचं दुसऱ्याच्या तोंडून नाय आयकायचं मना."

त्यानंतर मी लिहिलं नाही.

यंदा माझी नागपूरला बदली झाली. आई विचुंब्याच्या आमच्या घरातच राहणार होती. मोतीबिंदूमुळे मोबाइलवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, आणि फोनवर ऐकूही नीट येत नाही. म्हणून निघण्याआधी आठ दिवस मी मोठ्या पडद्याचा संगणक आणला. सगळं काढून दोनच बटणं ठेवली : फोटो आणि पत्रं. अक्षरं अंगठ्याएवढी केली. माउस दोन दिवसांत तिच्या हातात बसला.

पण रोज सकाळी मी आंघोळ करून येईपर्यंत पडदा भरून गेलेला असे. राशिभविष्य, पत्त्यांचा खेळ, साड्यांच्या जाहिराती.

"आये, हे कशाला उघडलंस?"

"तो पडद्यावर विचारतो, पायजे का? मी हो बोलते."

"नाही म्हणायचं ना!"

"सकाळच्या पयल्या गिऱ्हाइकाला नाय बोलू? भवानी व्हायच्या आधी?"

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तेव्हा आलेल्याला आईने चाळीस वर्षांत कधी परत पाठवलं नव्हतं. मला हसू आलं.

"हस. डिगरी घेतलीस, धंदा नाय शिकलास."

चूक माझी होती. आईची सवय बदलण्यापेक्षा मी संगणकाचं विचारणंच बंद केलं. सातव्या दिवशी तिने पडद्यावर बोट ठेवून माझी सरावाची चार वाक्यं वाचली. अडखळली, पण मला मध्ये बोलू दिलं नाही. ती वाचत होती आणि माझी छाती फुगत होती.

नागपुरातून मी खरं पत्र पाठवलं, शक्य तितकी जोडाक्षरं टाळून. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. माझं ऐकू येत नसलं तरी स्वतःचं ती सांगून मोकळी होते. "पोचलं. दोनदा वाचलं. कोणाला बोलावलं नाय."

ते पत्र असं होतं :

आये,
मी इथे नीट आहे. काल साहेबांनी विचारलं, घरी कोण काय करतं. आधी कुणी विचारलं की मी सांगायचो, घरचा धंदा आहे. मला लाज वाटायची. काल खरं सांगितलं. माझी आई बाजारात मासळी विकायची, तिनेच मला शिकवलं. सांगताना मान ताठ होती. हे मी खूप आधी सांगायला हवं होतं. तुला हे माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं.
वेळेवर जेव.
तुझा मुलगा