मानेवर टाके नव्हते म्हणून

माझ्या स्वरयंत्रावरचा कॅन्सर डॉक्टरांनी लेसरनं काढला. तोंडातून दुर्बीण घालून सगळं आतल्या आत, आणि तिसऱ्या दिवशी मी कसबा बावड्याला घरी. मानेवर साधा ओरखडा नाही.

भेटायला येणारे आधी मानच बघायचे. चुलतसासूबाई म्हणाल्या, "एवढंच व्हय? मला वाटलं मोठं ऑपरेशन हाय." पुढचा प्रश्न ठरलेला, मिश्री लावत होतीस का? जन्मात लावली नव्हती. पण दोन आठवडे बोलायचं नव्हतं, म्हणून पाटीवर 'नाही' लिहून दाखवायचे. बायका पाटी वाचायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या.

मग बोलायची परवानगी मिळाली आणि घशातून भलताच आवाज निघाला. जाडा, फाटका. मी हळू बोलले की नवराही कुजबुजायचा.

"अहो, तुमचा घसा धड आहे."

"व्हय की," तो कुजबुजायचा.

गॅसचा नंबर लावायला फोन केला, तर पलीकडचा म्हणाला, "साहेब, कार्ड बाईंच्या नावावर हाय. त्यांना फोन द्या की."

"मीच बोलतेय."

"चेष्टा करू नका, पावणं." त्यानं फोन ठेवला.

शाळेत माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात दाखले लिहायला बसवलं. "तुमच्या भल्यासाठीच, बाई." तीन महिने मी दाखले लिहिले. एक दिवस त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मला माझा वर्ग द्या."

"आवाज मागपर्यंत पोचायचा न्हाय."

"मग मागं कुणाला बसवणार नाही."

"आणि पोरांनी दंगा केला तर?"

"तुमचा आवाज मोठा आहे. तुम्ही या."

चिडून का होईना, त्यांनी वर्ग दिला. मी बाकं फळ्याजवळ ओढून घेतली. दुपारच्या सुट्टीपर्यंत आवाज पुरायचा, नंतर बसायचा. मग शुद्धलेखन, गणितं, काहीही गप्प बसून करण्यासारखं.

तपासणीला गेले की डॉक्टर खूश. "घसा एकदम स्वच्छ. आता तक्रार कसली?" काय सांगणार? कविता चालीवर म्हणणं कायमचं सुटलं होतं. माझ्या पोरांना कविता शिकवायला शेजारच्या वर्गावरच्या बाई यायच्या. बाई चांगल्या, पण दुसऱ्या ओळीला चाल हमखास चुकवायच्या, आणि पोरं तशीच पाठ करायची. मी मागच्या भिंतीला टेकून वह्या तपासत ते ऐकून घ्यायचे.