श्रिंकेज काकाजी आणि गरम बातम्या

कोणी उत्साहानं येऊन सांगितलं की "काकाजी, पाच वर्षांत सारं जग बदलणार बरं का," तर काकाजी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत आणि विचारत, "श्रिंकेज काढलं का?" नवखा माणूस गोंधळून जाई. दुर्गजवळच्या आमच्या रसमड्याच्या शेडमधले सहा सुतार मात्र रंधा थांबवून हसत. त्यांनीच त्यांना श्रिंकेज काकाजी हे नाव ठेवलं होतं आणि काकाजींना ते भारी आवडायचं.

आमचा धंदा पॅटर्नचा. फाउंड्रीत एखादी वस्तू ओतायची तर आधी वाळूत तिच्या आकाराचा खड्डा हवा, आणि तो पाडायला तिची लाकडी प्रतिकृती हवी. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करायचा. हे जे वाढीव माप सोडायचं, त्यालाच आमच्यात श्रिंकेज म्हणतात. पॅटर्न करणाऱ्याची पट्टीसुद्धा वेगळी असते, बाजारातल्या पट्टीपेक्षा जरा लांब. काकाजींचा सगळा जन्म त्या लांब पट्टीवर गेला होता. "बातमीचंही असंच हाय," ते म्हणत. "येते तवा गरम असते. थंडी झाली का आकसते. उरते तेवढीच आपली."

काकाजी आणि माझे बाबा भंडाऱ्याकडच्या शेजारशेजारच्या गावांतले. दोन्ही घरं शेतकऱ्यांची, दोघंही एकाच साली भिलाईच्या स्टील प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले. रिटायर झाल्यावर बाबांनी ही शेड टाकली. काकाजींनी भिलाईतच स्मृती नगरात घर बांधलं आणि आराम करायचं ठरवलं, पण आराम त्यांना मानवेना. बाबा गेले आणि मी दुर्गच्या ऑफिसातली नोकरी सोडून शेडमध्ये येऊन बसले, तेव्हा नातेवाइकांनी मला पार वेड्यात काढलं. काकाजी दुसऱ्याच दिवशी मोपेडवर आले, बाबांच्या खुर्चीला हात न लावता बाकावर बसले आणि म्हणाले, "मी दर गुरुवारी येत जाईन. पगाराचं नाव काढशीन त येणार नाही." पुढची पंधरा वर्षं ते दर गुरुवारी आले. माझी भांडकुदळ जीभ या माणसानं पंधरा वर्षं झेलली, एवढं एकच सांगितलं तरी त्यांचा स्वभाव कळेल.

येताना कापडी पिशवीत एक वही असे. पेपरात, मोबाइलवर, कुठेही नव्या मशीनची, नव्या शोधाची बातमी दिसली की ती डाव्या पानावर. उजवं पान कोरं. वर्ष-दोन वर्षांनी बातमी थंड झाली की मग उजवीकडे लिहायचं. डावीकडे होतं, 'ड्रोन घरोघरी सामान टाकणार.' उजवीकडे, 'सामान नाही टाकत. धानावर औषध मारते. साळ्याच्या वावरात स्वतः पाहिले.' डावीकडे, 'कॉम्प्युटर विचार करणार, माणूस घरी बसणार.' उजवीकडे, 'नातवाचे निबंध लिहून देते. माणूस अजून ड्युटीवर.' कोळशाविना, हायड्रोजनवर लोखंड काढणार, या बातमीपुढे फक्त 'अजून गरम' एवढंच लिहिलेलं. त्यावर मी एकदा छेडलं तर म्हणाले, "हसू नको. हे होईन. मी नसन तवा होईन, पण होईन. त्या दिवशी या भिलाईत कोणाकोणाचं काम बदलते, ते आतापासून मोजून ठेवलं पाहिजे."

नव्या वस्तूचा उपयोग विचारायचा तर विकणाऱ्याला कधी विचारू नये, हा त्यांचा दुसरा नेम. रायपूरच्या एका प्रदर्शनात आम्ही गेलो होतो. टाय लावलेला एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता, येत्या काळात लहान कारखान्यांनी काय काय करायला हवं, वगैरे. काकाजींनी अर्धा तास ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे सारं तुमच्या कंपनीत चालू हाय का?" तो म्हणाला, "सर, हम तो सिर्फ सलाह देते हैं." काकाजींनी त्याच्याशी हात मिळवला, दिलेला चहा पिऊन घेतला आणि मला म्हणाले, "चल बाई. ज्याचं पोट त्या मशीनवर हाय, असा माणूस शोधू."

तो माणूस त्यांना दुर्गला सापडला, तोही दाढ दुखली म्हणून. 'छापाची मशीन घरोघरी, लोक वाट्या-चमचे घरीच छापतील' ही बातमी त्यांच्या वहीत फार जुनी होती आणि तिचं उजवं पान कोरंच होतं. दातांच्या डॉक्टरनं काकाजींच्या जबड्याचा हुबेहूब नमुना त्यांच्या हातात ठेवला. तोंडात फक्त एक दांडी फिरवून माप घेतलं होतं आणि शेजारच्या खोलीतल्या थ्रीडी प्रिंटरनं, म्हणजेच त्या छापाच्या मशीननं, नमुना छापला होता. काकाजी दाढ विसरले. तिथून थेट शेडवर आले, गाल सुजलेला, खिशात जबडा. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घरोघरी नाही आली. दातवाल्याकडे आली. त्याचं काम काय? साचा. आपलं काम काय? आता सांग, यानंतर ते कोणाच्या घरी येईन?"

मी भडकले. खरं म्हणजे घाबरले होते, पण मला घाबरता येत नाही, भडकता येतं. सहा सुतार, त्यातले चार बाबांच्या वेळचे. मशीन आलं तर या माणसांनी काय करायचं? मी म्हणाले, "काकाजी, तुमचं काय जातं? तुम्हाला पेन्शन आहे. जबडा दाखवून मला कशाला भीती घालता?" त्यांनी जबडा खिशात टाकला आणि निघून गेले. पुढच्या गुरुवारी आले तेव्हा सोबत त्या डॉक्टरच्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाचा नंबर होता. "हा पहिले मेण कोरत होता," ते म्हणाले. "मशीन आली त त्याले काढलं नाही, मशीनवर बसवलं. कावून? दात कसा बसते हे मशीनले ठाऊक नाही, याले ठाऊक हाय. फोन कर. त्याले विचार, मले नको विचारू."

मी फोन केला. एकदा नाही, तीनदा. आणि सहा महिन्यांनी आमच्याकडे एक सेकंडहँड छापाचं मशीन आणि माप घेणारा स्कॅनर आला.

सुतारांनी तोंडं फिरवली. सगळ्यांत थोरला पुनाराम, ज्यानं शेडमध्ये आल्यावर मला रंधा धरायला शिकवलं, तो तर माझ्याशी बोलेनासाच झाला. काकाजींना मात्र त्यानं आपल्या छत्तीसगढीत सांगितलं, "ये मशीन ह हमर पेट मारही." काकाजींनी त्याची समजूत वगैरे काढली नाही. त्याला मशीनपुढे स्टुलावर बसवलं आणि त्याच्या हातात पहिला छापलेला नमुना दिला. पुनारामनं तो उलटसुलट केला आणि नाक मुरडलं. बाजू सरळ उभ्या होत्या, जरासाही ढाळ नव्हता. असा पॅटर्न वाळूतून उचलला की वाळूची कड ढासळणार. "हे मशीनले सांगणार कोण?" काकाजींनी विचारलं. त्या दिवसापासून मी कॉम्प्युटरवर आकृती काढायची, पुनारामनं शेजारी बसून ढाळ कुठे आणि जोड कुठे ते बोटानं दाखवायचं आणि छापलेला भाग सागवानी फळीवर बसवून द्यायचा, असं सुरू झालं. तो बोलत नव्हताच, पण बोट दाखवत होता.

पहिलं मोठं काम आलं ते एका पंपाच्या बॉडीचं. ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं, होता तो बाबांच्या हातचा जुना लाकडी पॅटर्न, तोही अर्धा वाळवीनं खाल्लेला. फाउंड्रीच्या शेठनी साफ सांगितलं, "यह ठीक निकला तो सारा पुराना माल आपके पास, नहीं तो रायपूर." सारा जुना माल म्हणजे ड्रॉइंग नसलेले त्यांचे सगळे जुने पॅटर्न नव्यानं करायचे, आमच्या सहाही जणांचं काही वर्षांचं काम. मी जुना पॅटर्न स्कॅन केला, वाळवीची भोकं कॉम्प्युटरवर बुजवली, मापं तीनदा तपासली, छापलं, पुनारामनं फळीवर बसवलं, पाठवलं.

आठ दिवसांनी शेठचा फोन. पंपाची बॉडी मोठी आली होती. बोल्टाच्या जागा सरकलेल्या, माल भंगारात. चार दिवसांत नीट पॅटर्न द्या, नाहीतर आपला रामराम.

मी छापलेला पॅटर्न परत मागवून मापला. कॉम्प्युटर सांगत होता तस्सा होता, केसाचा फरक नाही. पुन्हा मापला. शेवटी मी मशीनचं बटण बंद केलं, सुतारांसमोरच रडले आणि म्हणाले, विकून टाकते हा डबा. पुनाराम मान खाली घालून उभा होता. मशीन हरलं म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला होता. कोणीतरी काकाजींना फोन केला असावा. गुरुवार नव्हता, तरी ते आले.

त्यांनी मापं विचारलीच नाहीत. "तुह्या बाबाचा पॅटर्न कुठं हाय?" एवढंच विचारलं. मी कोपऱ्यातून तो आणून दिला. त्यांनी दोन्ही पॅटर्न शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकसारखे असायला हवे होते. आमचा बोटभर मोठा होता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाबांचा पॅटर्न मुळातच श्रिंकेज सोडून केलेला. त्यावरून माप घेतलं म्हणजे श्रिंकेज त्यात आलंच. पण आकृती करताना कॉम्प्युटरनं विचारलं, श्रिंकेज किती, आणि मी डोळे मिटून शंभराला दोन टाकले. लहानपणापासून कानात भरलेलं. ते सोडलं नाही असं आमच्या घरात कधी झालंच नाही, म्हणून मी दोनदा सोडलं. परक्या माणसानं ते विसरून एकदाही टाकलं नसतं आणि त्याचं काम बरोबर आलं असतं.

काकाजींनी माझा फोन घेतला, शेठना लावला. "शेठजी, गलती मेरी है. मैंने गलत नाप बताया था. परसों सही मिलेगा." मी ओरडले, "खोटं कावून बोलता? तुम्ही तर पाहिलंही नव्हतं." फोन परत देत ते म्हणाले, "खोटं नाही, पोरी. इतकी वर्षं मी तुले विचारून राहिलो, श्रिंकेज सोडलं का, श्रिंकेज सोडलं का. एकदा सोडलं का पुन्हा सोडाचं नाही, हे शिकवाचं राहिलं. ते माह्यावरच येते." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, तेवढी नम्रता माझ्यात नाही. चहा सांगितला.

दोन दिवस शेडमधून कोणी हललं नाही. मशीन छापत होतं, पुनाराम फळी तासत होता, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलत होता, "दीदी, एला थोरकिन अउ घिस दे," म्हणजे हे अजून जरासं घास. पॅटर्न पूर्ण झाला. आमच्यात अशी रीत आहे की पॅटर्नच्या खालच्या अंगाला करणाऱ्यानं आपलं अक्षर कोरायचं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कोणाला धरायचं ते कळतं. मशीननं केलेल्या कामावर कोणाचं अक्षर, यावर जरा घुटमळ झाली. मग पुनारामनं पटाशी घेतली आणि फळीवर तीन अक्षरं कोरली. एक त्याचं, एक माझं, एक काकाजींचं.

काकाजींनी फळी उलटी करून पाहिली. बराच वेळ अक्षरावर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "माह्यं घासून टाक, पुना."

"काबर, काकाजी?"

"हा पॅटर्न वीस वर्षं चालन. उद्या तक्रार आली त लोकं मले कुठं शोधतीन? जो समोर उभा राहू शकते, त्याचंच अक्षर पाहिजे."

पुनाराम घासेना. शेवटी काकाजींनी स्वतः पॉलिश पेपर घेतला, बाकावर बसले आणि आपलं अक्षर घासून काढलं. पंपाची बॉडी त्या आठवड्यात ओतली गेली आणि पास झाली. शेठनी सारा जुना माल आमच्याकडे पाठवला. आज सहाचे आठ जण आहेत, आणि नव्या दोघांना पुनाराम मशीनपुढे बसवून ढाळ शिकवतो, वर त्यांना शिव्याही घालतो.

काकाजी त्यानंतर दीड वर्षानं गेले, झोपेतच. त्या दिवशी गुरुवार होता आणि मी दुपारपर्यंत चिडून वाट बघत होते की आज फोनही न करता दांडी मारली. मग त्यांच्या मुलाचा फोन आला.

तो पॅटर्न परवाही फाउंड्रीत जाऊन आला. परत आला की मी फळी उलटी करते. आमच्या दोन अक्षरांच्या शेजारी लाकूड जरा खोल गेलंय, गुळगुळीत आहे. आजवर त्याची एकही तक्रार आलेली नाही. मी धंद्यात आहे, असं म्हणू नये, पण कधी कधी वाटतं, एकदा तरी यावी. कोणीतरी रागारागानं फोन करावा, हे केलंय कोणी म्हणून विचारावं, आणि मला त्यांचं नाव सांगता यावं.