आक्कांचं चुकलेलं माप

आक्का कुणाचंही माप तोंडानं सांगत नसत. गळ्यात पिवळा टेप, कानावर पेन्सिल, दाराला पडदा आणि समोर हात वर करून उभी राहिलेली बाई. टेप कमरेभोवती फिरायचा, आक्का डोळे बारीक करून आकडा बघायच्या आणि मुकाट्यानं वहीत लिहायच्या. बाहेर बाकड्यावर चार बायका कान टवकारून बसलेल्या असत, पण आकडा पडद्याबाहेर येत नसे. कुणी हौसेनं विचारलंच, "किती भरली हो कंबर?" तर उत्तर ठरलेलं. "तुझी कंबर तुझ्यापाशी, आकडा माझ्यापाशी. तू ब्लाऊज घालायचं बघ." लग्नानंतर वर्षभरात एखादी चांगली ऐसपैस होऊन आली, तर तिचं जुनं ब्लाऊज हातात धरून म्हणायच्या, "हल्ली कापडच आटतंय बघ." ती बाई हसायची आणि सुटल्यासारखी व्हायची.

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात एका बाजूला त्यांची शिलाईची खोली आणि समोर माझं औषधांचं दुकान. मी त्याच बोळात वाढले. शाळेचा पिनो फ्रॉक, कॉलेजचे पंजाबी ड्रेस, लग्नाचं ब्लाऊज, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं, तिकडच्या रिवाजानं त्या आक्का झाल्या आणि पेठेनं त्यांना टेपवाल्या आक्का केलं. जुन्या बायकांसारखं स्वतःबद्दल 'मी आलतो, मी गेलतो' असं बोलायच्या. नवरा लवकर गेला, मागे एकच मुलगी, स्नेहल. मी फार्मसी शिकून दुकान थाटलं त्या दिवसापासून आक्कांनी मला 'आमची डागतरीण' करून टाकलं.

"आक्का, मी डॉक्टर नाही हो. चिठ्ठी बघून औषध देते फक्त."

"देतीस न्हवं? मग झालं की."

आपल्या कामाचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत. त्यांच्या हातचा कपडा कधी उसवायला परत आला नाही. नव्या शिकणाऱ्या बायकांना त्या पहिला धडा हाच द्यायच्या, "गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर कापड कापायचं न्हाई. बाई आपली कंबर दोन इंच कमीच सांगती. ऐकून घ्यायचं, हसायचं, आणि टेप लावायचा. माणूस चुकतंय, टेप चुकत न्हाई."

पण सगळ्या पेठेला टेप लावणाऱ्या या बाईनं पोटच्या पोरीला कधी टेप लावला नाही. "लेकराला मोजू ने, वाढ खुंटती," असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं, आणि तिच्या आईनं तिला. स्नेहलचे कपडे त्या नजरेनंच बेतायच्या. पोरगी दारातून आत आली की शिलाई मशीनवरून मान वर करून एकदा बघायच्या, बस्स. आणि कपडा असा बसायचा की काय सांगू! वहीत आम्हा सगळ्या पोरींचं एकेक पान होतं, स्नेहलचं नव्हतं. ती अकरावीला होती, वेणी घालायचा कंटाळा करणारी, माझ्या काउंटरवर कोपरं टेकून आंबटगोड व्हिटॅमिनची गोळी फुकट मागणारी. "ताई, एकच की," म्हणायची आणि दोन उचलायची.

त्या दुपारी आक्का दुकानात आल्या तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. टेपाचं एक टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्या उभ्या राहिल्या.

"डागतरीण, पोट पाडायच्या गोळ्या असत्यात न्हवं तुझ्याकडं?"

"कुणाला पाहिजेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "स्नेहीला."

किती दिवस झाले, विचारलं. "दीड म्हैना म्हणती." मी माझं पुस्तकी उत्तर दिलं. या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, तपासल्याशिवाय घ्यायच्या नसतात, जिवावर बेतू शकतं. तिला दवाखान्यात न्या.

"मी आई हाय न्हवं? माझ्या सहीनं तिचं कालेज चालतंय, आधार कार्ड चालतंय. ह्याला माझी सही चालत न्हाई?"

"चालते की आक्का. पण डॉक्टरांसमोर."

"आणि डागतर वय इचारणार."

"विचारणार."

"सोळा म्हटल्यावर?"

खोटं सांगावं असं एक क्षण वाटलं. नाही सांगितलं. "पोलिसांना कळवावं लागतं."

आक्का हळूच म्हणाल्या, "म्हंजे नाव लिवणार. तिचं बी, त्या पोराचं बी. तो बी सतराचाच हाय गं, तिच्याच वर्गातला. मी आजपातुर कुणाच्या पोरीची कंबर बोळात सांगितली न्हाई, आणि माझ्या पोरीचं पोट चौकीत लिवून घेत्यात व्हय?" टेप त्यांच्या बोटावरून सुटला. "तू ये की संगं माझ्या. तू असलीस तर जातो मी डागतराकडं. आता, ह्या पावली."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, खोकल्याचं औषध मागत. मी त्याच्याकडे वळले आणि आक्कांना म्हणाले, "उद्या बघू, आक्का." दुकान उघडं टाकून कशी जाणार, हे कारण होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. पोलिसांच्या भानगडीत माझं नाव नको, एवढंच माझ्या मनात होतं. आक्का म्हणाल्या, "असूं दे. तुझं दुकान हाय." आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं तर हसून म्हणाल्या, "मिटलं बघ. तू काळजी करू नगं." मी काळजी केली नाही. किती सोपं असतं ते!

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आत बोळात आली आणि आक्कांनी स्नेहलला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. चादर लाल झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, पण रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या आणि दोन दिवस कुणी काही खात्रीनं सांगत नव्हतं. दीड महिना नव्हता, चार महिने उलटून गेले होते. गोळ्या कुठून आणल्या, हे आक्कांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. "ज्यानं दिल्या त्यानं माझ्यावर दया केली," म्हणायच्या. दया कसली, धंदा केला त्यानं. किती दिवस झाले, पोरीचं वय काय, एका शब्दानं विचारलं नसणार.

पोलीस माझ्याकडेही आले. बाई तुमच्याकडे गोळ्या मागायला आल्या होत्या का? होय. तुम्ही त्यांना हे बेकायदेशीर आहे, धोक्याचं आहे, असं सांगितलं होतं का? होय. त्या दोन होकारांवरून 'पूर्ण माहिती असतानाही' असे शब्द कागदावर आले. मी अक्षरही खोटं बोलले नाही. फक्त त्यांनी मला सोबत बोलावलं होतं, हे सांगितलं नाही. ते कुणी विचारलंच नव्हतं.

आक्कांचा जबाब साधा होता. तोच त्या प्रत्येकाला ऐकवत राहिल्या, पोलिसांना, वकिलांना, बोळातल्या बायकांना. "पोरीचं काय चुकलं न्हाई. दिवस मी मोजले. माझं माप चुकलं."

बोळात दोन तट पडले. बाकड्यावर बसून तेच चालायचं. एक जण म्हणायची, चार महिन्यांचा जीव होता तो, आई झाली म्हणून असा अधिकार येतो काय? दुसरी म्हणायची, आणि सोळा वर्षांचा जीव होता त्याचं काय, आईनं नाही करायचं तर कुणी? तिसरी म्हणायची, कायदा पोरींच्या भल्यासाठीच केलाय, दवाखान्यात गेली असती तर पोरगी अशी मरणाच्या दारात गेली असती का? तिघीही खऱ्याच होत्या, आणि तिघींची मापं आक्कांच्या वहीत होती. मी दुकानातून ऐकायचे आणि मान खाली घालून गोळ्यांची पाकिटं लावत राहायचे. आक्कांच्या वकिलांनी नंतर मला सांगितलं, दवाखान्यात नीट विनंती केली असती तर डॉक्टरांना मुलीचं नाव पोलिसांपासून झाकता आलं असतं, तशी सोय आहे. हे मला माहीत नव्हतं. औषधांची पदवी भिंतीवर टांगून बसलेय मी. नाव झाकतात एवढं कळलं असतं, तर आक्का धावत गेल्या असत्या.

आक्कांना अटक झाली, कळंब्याच्या तुरुंगात नेलं. मी एकदा भेटायला गेले. आत बायकांना शिवणकाम होतं, आक्का तिथेही बायकांची मापं घेत होत्या. "हितं बी कापड आटतंय," म्हणाल्या. मला रडू फुटलं, तर जाळीपलीकडून म्हणाल्या, "खरं तेच सांगितलंस की गं तू. त्यात काय चुकलं तुझं?" त्या दुपारबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

जामीन झाला, पण एक अट पडली. साक्षीदाराला भेटायचं नाही. आणि साक्षीदार होती स्नेहल. तिला गडहिंग्लजला मामाच्या ताब्यात दिलं होतं. तो पोरगा काही दिवस सुधारगृहात होता, नंतर त्याचे लोक घर बदलून गेले. आईविरुद्ध साक्ष द्यायला मुलगी, आणि तोवर दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं नाही. हे कुठल्या न्यायात बसतं ते शहाण्यांनी सांगावं. आक्का रागावल्या नाहीत. "ठीक हाय की. कपडे तर पाठवायला बंदी न्हाई न्हवं?"

मग त्या ड्रेस शिवायच्या आणि मी ते एसटीच्या पार्सलात मामाच्या नावानं टाकायचे. नजरेनं बेतायची सवय, आणि नजरेसमोर पोरगी नाही. पहिला ड्रेस घट्ट झाला. दुसरा खांद्यात उतरला. मामानं दोन्ही परत पाठवले. आक्कांच्या हातचा कपडा आयुष्यात पहिल्यांदा उसवायला परत आला होता. त्या शिवण उसवत बसल्या, दाताखाली दोरा, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाळली असंल गं. का भरली? तुला काय वाटतंय?" मला काय वाटणार! मामाला फोन करून माप मागू का, विचारलं. "नगं," म्हणाल्या. "एवढी वर्सं न्हाई मोजलं. आता कशाला?" तिसरा ड्रेस त्यांनी सैल शिवला, शिवणीत चार बोटं कापड दाबून. "कशी बी असंल तरी बसंल."

खटल्याची तारीख पडायची, पुढची मिळायची. स्नेहलची साक्ष व्हायच्या आधीच, एका सकाळी आक्का मशीनवर डोकं टेकून बसल्यासारख्या दिसल्या, त्या उठल्याच नाहीत. छातीचं दुखणं त्या अंगावर काढत होत्या, समोर औषधाचं दुकान असून. आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला. त्यांनी केलं ते बरोबर की गुन्हा, हे कुठल्याच न्यायाधीशानं सांगितलं नाही. बोळानंही नाही.

खोली रिकामी करायला स्नेहल आली तेव्हा एकोणिसाची झाली होती. अंगात तो सैल ड्रेस होता. शिवण तिनं सोडली नव्हती, तसाच घातला होता. मी किल्ली घेऊन गेले, तर ती जमिनीवर बसून वही चाळत होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून.

"ताई, माझं पान कुठं हाय?"

"तुझं नाही गं. तुला त्या कधी मोजतच नव्हत्या."

"ठाऊक हाय. तरी वाटलं, असंल." अगदी आईसारखा आवाज, आईसारखंच बोलणं. वही मांडीवर ठेवून ती भिंतीकडे बघत बोलायला लागली. "मी आईला दीड म्हैना सांगितलं ते खोटं होतं. मला ठाऊक होतं चार झालेत. भ्यालो मी. तिला शंका आली. टेप हातात घेतला तिनं. मी रडाया लागलो, म्हटलं, आई, सगळ्या जगाला मोजतीस, माझ्यावर एवढा बी इस्वास न्हाई व्हय तुझा? तिनं टेप खाली ठेवला." तिनं वहीचं पान उलटलं. "दवाखान्यात डागतरांनी सांगितलं तवा तिला कळलंच असणार. तरी म्हणत राह्यली, माझं माप चुकलं. मला जाब बी विचारला न्हाई कधी."

मी तिच्याशेजारी बसले. मग मीही सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती दुपार, खोकल्याचं औषध, 'तू असलीस तर जातो मी,' आणि माझं 'उद्या बघू'. स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

खुंटीवर टेप होता. तिनं तो काढून माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. मी उठून पडदा ओढला. टेप दोनदा घसरला. माप घेतलं, वहीच्या कोऱ्या पानावर तिचं नाव घातलं आणि खाली आकडा लिहिला. तिनं तो विचारला नाही, मी सांगितला नाही.